राहणं एका राज्यात, नोकरी दुसऱ्या राज्यात: अमेरिकेतला स्टेट टॅक्स कोणत्या क्रमाने भरायचा

जानेवारीअखेर डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कंपनीचा कागद, हातात पडतो आणि बहुतेक जण तो जसाच्या तसा सॉफ्टवेअरमध्ये टाकून मोकळे होतात. ज्या राज्यात राहतो तिथेच काम करणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. पण घर न्यू जर्सीतल्या एडिसनला, ऑफिस न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला आणि आठवड्यातले तीन दिवस काम घरून, असं असेल तर त्याच कागदावर दोन राज्यांच्या ओळी येतात. दोन्हींची बेरीज पगाराच्या जवळपास दुप्पट भरते आणि गोंधळ सुरू होतो. कोणी दोन्हीकडे पूर्ण कर भरून बसतं. कोणी एका राज्याचं रिटर्नच भरत नाही. कोणी टेक्सासला राहायला गेल्यावर स्टेट टॅक्सची कटकट संपली असं समजून चालतं आणि दोन वर्षांनी न्यूयॉर्कचं पत्र येतं.

चूक बहुतेक वेळा आकडेमोडीची नसते, क्रमाची असते. आधी तुम्ही कुठल्या राज्याचे रहिवासी ते ठरवायचं. मग काम प्रत्यक्ष कुठे बसून झालं ते पाहायचं, आणि ऑफिसचं राज्य त्याबद्दल काय म्हणतं तेही. त्यानंतर परराज्याचं रिटर्न आणि घरच्या राज्याचं सर्वांत शेवटी. डब्ल्यू-२ मधोमध कुठेतरी येतो. तो पेरोलने, म्हणजे कंपनीच्या पगार विभागाने, आपल्याजवळच्या माहितीवर भरलेला कागद आहे. तुमचं वर्ष कुठे गेलं हे पेरोलला माहीत असेलच असं नाही.

पुढचं सगळं पगारदारांसाठी आहे. १०९९ वर, म्हणजे नोकरीत नसून कंत्राटावर, काम करणाऱ्यांना यातले बरेच नियम लागू होत नाहीत.

तयारी: सॉफ्टवेअर उघडण्याआधी

सगळ्यात आधी दिवसांचं कॅलेंडर बनवा. साधी एक्सेल शीट पुरते: तारीख, रात्री मुक्काम कुठे, काम कुठून केलं, आणि परगावी गेला असाल तर कशासाठी. सुट्ट्या, आजारपणाच्या रजा, शनिवार-रविवार वेगळे दाखवा, कारण करासाठी कामाचे दिवस वेगळे मोजतात आणि रहिवासासाठी हजेरीचे दिवस वेगळे. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की पुढचं सगळं चुकतं.

वर्ष संपल्यावर आठवून लिहिलेल्या कॅलेंडरला ऑडिटर फारशी किंमत देत नाही. शेजारी पुरावा ठेवा: ऑफिसच्या बॅजची नोंद, ईझीपास (टोलची नोंद), विमानाची तिकिटं, क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट्स. न्यूयॉर्कचे ऑडिटर मोबाईल फोनच्या नोंदीही मागतात, तेव्हा शीटमधला एखादा दिवस "अंदाजे" असेल तर तसं लिहून ठेवलेलं बरं.

त्याशिवाय हे जवळ असू द्या: डिसेंबरची शेवटची पे-स्टब (पगाराची पावती), गेल्या वर्षीची दोन्ही राज्यांची रिटर्न्स, ऑफर लेटर किंवा एचआरचं पत्र ज्यात तुमचं नेमून दिलेलं ऑफिस कुठलं ते लिहिलं आहे, आणि कंपनीचे शेअर मिळत असतील तर प्रत्येक ग्रँटचा, म्हणजे शेअर देऊ केल्याचा, कागद. एचआरचं पत्र लोक हमखास विसरतात. पुढे पायरी २ मध्ये सगळं त्यावरच अडतं.

पायरी १: तुम्ही कुठल्या राज्याचे रहिवासी?

दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि बहुतेकांना फक्त एकच ठाऊक असते.

पहिली कसोटी डोमिसाईलची, म्हणजे तुमचं कायमचं घर कुठलं. यात हेतू पाहतात आणि हेतूचा पुरावा रोजच्या कागदांत शोधतात: ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी, घराचं भाडेपत्र, मुलांची शाळा, डॉक्टर, बँकेत दिलेला पत्ता. इंग्रजी याद्यांमध्ये मतदार नोंदणी पहिल्या क्रमांकावर असते, पण आपल्यापैकी जे एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवर आहेत त्यांनी त्या वाटेला जायचंच नाही. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवणं महागात पडतं. बाकीचे कागद पुरेसे आहेत. ते मात्र सगळे एकाच राज्याचं नाव सांगणारे हवेत.

दुसरी कसोटी दिवसांची. न्यूयॉर्कमध्ये तुमचं कायम वापरता येईल असं घर जवळपास वर्षभर असेल आणि तुम्ही १८३ पेक्षा जास्त दिवस त्या राज्यात असाल, तर डोमिसाईल कुठलंही असो, न्यूयॉर्क तुम्हाला रेसिडेंट (रहिवासी) धरतं. यात दिवसाचा काही भागही पूर्ण दिवस म्हणून मोजला जातो. सकाळी ट्रेनने गेलात आणि संध्याकाळी एडिसनला परतलात, तरी तो दिवस न्यूयॉर्कचा.

ही दुसरी कसोटी रोज जाऊन-येऊन काम करणाऱ्या साध्या नोकरदाराला बाधत नाही, कारण त्याचं न्यूयॉर्कमध्ये घर नसतं. अडकतात ते न्यू जर्सीत घर घेऊनही मॅनहॅटनचा जुना फ्लॅट "असू दे, उपयोगी पडतो" म्हणून ठेवणारे. मग दोन्ही राज्यं त्यांना रेसिडेंट म्हणतात आणि व्याज, डिव्हिडंड, शेअरच्या नफ्यावर दोन्हीकडे कर लागू शकतो. पगारावरच्या दुहेरी करातून सुटायची वाट पुढे आहे. या उत्पन्नासाठी ती वाट बहुधा बंद असते.

सावध: "मी एच-१बी वर आहे, म्हणजे तात्पुरता, म्हणून नॉन-रेसिडेंट" हा युक्तिवाद स्टेट टॅक्समध्ये चालत नाही. व्हिसाचा दर्जा आणि राज्याचा रहिवास हे दोन वेगळे विषय आहेत.

पायरी २: काम कुठे झालं, आणि ऑफिसच्या राज्याचा नियम काय?

सर्वसाधारण नियम सोपा आहे. ज्या राज्यात बसून तुम्ही काम केलं, ते राज्य त्या कामाच्या पगारावर कर लावू शकतं. कंपनीचं मुख्यालय कुठे आहे याने फरक पडत नाही. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या घरी बसून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या कंपनीचं काम करणाऱ्याच्या पगारावर कॅलिफोर्निया कर लावत नाही. मात्र तोच माणूस दोन आठवडे सॅन होजेच्या ऑफिसात जाऊन बसला तर त्या दिवसांचा पगार कॅलिफोर्नियाचा.

याला अपवाद आहे आणि तोच या लेखाचा सर्वांत अवघड भाग आहे. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, नेब्रास्का अशा काही राज्यांत "कन्व्हिनियन्स रूल" चालतो. तुमचं नेमून दिलेलं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी परराज्यातल्या घरून काम करत असाल, तर घरचे ते दिवसही न्यूयॉर्कचेच कामाचे दिवस धरले जातात. घरून काम करणं ही कंपनीची गरज होती असं दाखवता आलं तरच सुटका. "मॅनेजरने परवानगी दिली आहे" म्हणजे गरज नव्हे. "ऑफिसात माझ्यासाठी डेस्क नाही" हेसुद्धा एकट्याने पुरत नाही. घरच्या जागेला कंपनीचं खरंखुरं ऑफिस मानण्याच्या न्यूयॉर्कच्या अटी इतक्या कडक आहेत की साध्या सॉफ्टवेअर नोकरीत त्या बसणं दुर्मीळ. मित्राने हायब्रिडचे, म्हणजे घरून केलेले, दिवस वजा केले आणि त्याला रिफंड आला, म्हणून तुम्हीही करू नका. रिफंड येणं म्हणजे ऑडिट टळणं नव्हे.

कंपनीच्या कामासाठी जिथे जावंच लागतं ते दिवस मात्र वजा होतात. शिकागोच्या क्लायंटकडे चार दिवस गेलात तर ते चार दिवस न्यूयॉर्कचे नाहीत.

न्यू जर्सीने २०२३ पासून असाच नियम आणला, पण फक्त अशा राज्यांतल्या रहिवाशांसाठी जिथे स्वतःचा असा नियम आहे. म्हणजे न्यूयॉर्कला राहून न्यू जर्सीच्या ऑफिसचं काम घरून करणाऱ्याला तो लागतो. कनेटिकटचा नियमही याच धर्तीचा आहे.

आता तीन उदाहरणांत काय होतं ते पाहा.

घर एडिसनला, ऑफिस मॅनहॅटनला: न्यूयॉर्क सगळ्या पगारावर कर घेतं, न्यू जर्सी त्याचं क्रेडिट देतं, म्हणजे तिकडे भरलेला कर आपल्या करातून वजा करतं. खिशाला बसणारी झळ बहुधा मर्यादित.

घर डॅलसला, ऑफिस मॅनहॅटनला: न्यूयॉर्क कर घेतं आणि टेक्सासमध्ये स्टेट इन्कम टॅक्सच नाही, त्यामुळे क्रेडिट कशातून घेणार? सगळा भार अंगावर. पगारावर कर नसलेली राज्यं नऊ आहेत: टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, नेवाडा, टेनेसी, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, वायोमिंग आणि अलास्का. तिकडे जाताना कर वाचेल हे गणित मांडण्याआधी कंपनीकडून नेमून दिलेलं ऑफिस बदलून घ्या आणि ते लेखी घ्या.

घर डॅलसला, ऑफिस सॅन होजेला: काम डॅलसलाच बसून होत असेल तर कॅलिफोर्नियाचा पगारावर कर नाही. शेअरची गोष्ट वेगळी. ती पायरी ८ मध्ये.

तपासा: ऑफर लेटरमध्ये ऑफिस कुठलं लिहिलं आहे? पेरोलच्या पोर्टलवर कुठलं? दोन्हीकडे वेगळं असेल तर आत्ताच एकसारखं करून घ्या.

पायरी ३: दोन राज्यांत परस्पर करार आहे का?

काही शेजारी राज्यांनी आपसांत ठरवलं आहे की एकमेकांच्या रहिवाशांच्या पगारावर कर लावायचा नाही. ज्याने त्याने फक्त घरच्या राज्यात भरावा. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात असा करार आहे. व्हर्जिनिया, मेरीलँड आणि वॉशिंग्टन डीसी यांच्यातही पगार घरच्याच ठिकाणी करपात्र असतो. इलिनॉयचे करार आयोवा, केंटकी, मिशिगन आणि विस्कॉन्सिनशी आहेत.

न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क यांच्यात करार नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की ठळक सांगावा लागतो.

करार असला तरी तो आपोआप लागू होत नाही. पेरोलला फॉर्म द्यावा लागतो. न्यू जर्सीत राहून पेनसिल्व्हेनियात नोकरी असेल तर आरईव्ही-४१९, उलट असेल तर एनजे-१६५. फॉर्म दिला नाही तर कंपनी ऑफिसच्या राज्याचा कर कापत राहते आणि वर्षअखेर तो परत मिळवण्यासाठी तिथलं रिटर्न भरावं लागतं. दरम्यान घरच्या राज्याचा कर कापलेलाच नसतो, म्हणून तिकडे एकरकमी देणं निघतं.

सावध: करार राज्याच्या करापुरता असतो, शहराच्या नाही. पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स (पगारावरचा कर) न्यू जर्सीच्या रहिवाशाला तिथे काम केल्यास लागतोच. फिलाडेल्फियाची पद्धत मात्र न्यूयॉर्कपेक्षा सौम्य आहे: कंपनीनेच तुम्हाला शहराबाहेरून काम करायला सांगितलं असेल तर त्या दिवसांचा वेज टॅक्स नॉन-रेसिडेंटला परत मागता येतो. त्यासाठी कंपनीचं पत्र आणि पुन्हा तेच कॅलेंडर.

पायरी ४: पेरोलमधली कपात दुरुस्त करा

हे काम एप्रिलचं नाही. घर बदललं त्या आठवड्यातलं आहे.

फेडरल डब्ल्यू-४ (कर किती कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म) बदलला म्हणजे राज्याची कपात बदलली असं होत नाही. राज्यांचे फॉर्म वेगळे आहेत: न्यू जर्सीचा एनजे-डब्ल्यू४, कॅलिफोर्नियाचा डीई ४, न्यूयॉर्कचा आयटी-२१०४. न्यूयॉर्कबाहेर राहणाऱ्याने आयटी-२१०४.१ देऊन राज्यातल्या कामाचा अंदाजे वाटा कळवायचा असतो. इथे प्रामाणिक आकडा लिहा. हा फॉर्म सही करून दिलेला असतो आणि ऑडिटमध्ये समोर येतो.

न्यूयॉर्कमध्ये १४ दिवसांचा एक नियम आहे. वर्षात तेवढे किंवा त्याहून कमी दिवस तिथे काम करणाऱ्या परराज्यातल्या माणसाचा कर कंपनीने कापायची गरज नसते. लोक याचा अर्थ १४ दिवस करमाफी असा घेतात. तसं नाही, सवलत कापणाऱ्याला आहे, तुमच्यावरचा कर पहिल्या दिवसापासून लागतो. इलिनॉयमध्ये मात्र ३० कामाच्या दिवसांपर्यंत परराज्यातल्या नोकरदारावर कर खरोखरच लागत नाही. प्रत्येक राज्याचा उंबरठा वेगळा आहे, तेव्हा शेजारच्या राज्याचा नियम आपल्या राज्याला लावू नका.

कंपनी घरच्या राज्यात नोंदलेलीच नाही, म्हणून तिथला कर कापत नाही, असंही होतं. मग एस्टिमेटेड टॅक्स, म्हणजे अंदाजे कर हप्त्यांनी, स्वतः भरायचा: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीची १५ जानेवारी. चारही हप्ते चुकवून एप्रिलमध्ये सगळं एकदम भरलं तर कर भरूनही दंड लागतो.

एच-१बी वाल्यांसाठी एक गोष्ट कराच्या आधी येते. दुसऱ्या राज्यात, म्हणजे अर्जात दिलेल्या परिसराबाहेर, राहायला जाऊन तिथून काम करायचं असेल तर कंपनीला आधी नवीन एलसीए (कामाचं ठिकाण आणि पगार कळवणारा कामगार खात्याकडचा अर्ज) आणि सुधारित पिटिशन (व्हिसासाठीचा अर्ज) दाखल करावी लागते. इमिग्रेशनच्या २०१५ च्या सिमिओ निर्णयानंतर यात शंकेला जागा राहिलेली नाही. एचआरला न सांगता मावसभावाकडे शार्लटला जाऊन सहा महिने काम केलं आणि टॅक्स रिटर्नवर मात्र नॉर्थ कॅरोलिना लिहिलं, तर तुम्ही स्वतःच्या हाताने पुरावा तयार केलात. आणि रिटर्नवर खोटा पत्ता लिहिणं हा त्यावरचा उपाय नव्हे. आधी इमिग्रेशनचे कागद, मग सामान हलवणं.

पायरी ५: आता डब्ल्यू-२ वाचा

बॉक्स १ फेडरल पगार. बॉक्स १५, १६, १७ राज्याचे: राज्य, तिथला पगार, तिथे कापलेला कर. बॉक्स १८ ते २० शहराचे.

न्यूयॉर्कच्या ओळीत बॉक्स १६ मध्ये पूर्ण फेडरल पगार दिसतो, तुम्ही तिथे दहाच दिवस काम केलं असलं तरी. राज्याने कंपन्यांना तसंच लिहायला सांगितलं आहे. ती चूक नाही, म्हणून त्यासाठी डब्ल्यू-२सी (दुरुस्त केलेला डब्ल्यू-२) मागत बसू नका; वाटा तुम्ही रिटर्नमध्ये दाखवायचा असतो.

न्यू जर्सीचा बॉक्स १६ बॉक्स १ पेक्षा मोठा दिसतो. हीसुद्धा चूक नाही. हेल्थ इन्शुरन्सचा प्री-टॅक्स हप्ता, एफएसए, एचएसए (औषधोपचार वगैरे खर्चासाठी पगारातून बाजूला ठेवलेले पैसे) यांची फेडरल सवलत न्यू जर्सी देत नाही, त्यामुळे तो पैसा पगारात परत मिळवलेला असतो.

खऱ्या चुका अशा: वर्षभर न्यू जर्सीत राहूनही बॉक्स १९ मध्ये न्यूयॉर्क सिटीचा कर कापलेला असणं. सिटीचा इन्कम टॅक्स फक्त शहराच्या रहिवाशांना लागतो. क्वीन्सहून जर्सी सिटीला गेलेल्यांचा पत्ता पेरोलमध्ये बदललेला नसला की असं होतं. किंवा घर बदलून आठ महिने झाले तरी जुन्या राज्याची ओळ पूर्ण वर्षाची असणं. अशा वेळी आधी कंपनीकडे डब्ल्यू-२सी मागा. मिळाला नाही तर रिटर्नमध्ये योग्य वाटा दाखवून, कंपनीचं पत्र जोडून, जादा कापलेला कर परत मागता येतो.

पायरी ६: परराज्याचं रिटर्न आधी

न्यूयॉर्कसाठी आयटी-२०३, सोबत आयटी-२०३-बी. कॅलिफोर्नियासाठी ५४०एनआर. पेनसिल्व्हेनियासाठी पीए-४०.

आयटी-२०३-बी मध्ये कॅलेंडर कामी येतं. वर्षाच्या एकूण दिवसांतून शनिवार-रविवार, सुट्ट्या, रजा वजा करून कामाचे दिवस काढायचे, त्यातून न्यूयॉर्कबाहेरचे दिवस वजा करायचे. घरून केलेले दिवस इथे एका स्वतंत्र ओळीत विचारले जातात. कन्व्हिनियन्स रूलमध्ये न बसणारेच दिवस वजा होतात हे पुन्हा एकदा पाहा.

न्यूयॉर्क नॉन-रेसिडेंटचा कर काढताना आधी तुमच्या सगळ्या उत्पन्नावर, जणू तुम्ही तिथलेच आहात असा, कर काढतं आणि मग न्यूयॉर्कच्या वाट्याच्या प्रमाणात तो कमी करतं. जोडीदाराचा न्यू जर्सीतला पगार रिटर्नमध्ये दिसला की लोक घाबरतात. त्या पगारावर न्यूयॉर्क कर लावत नाही, पण त्याच्यामुळे तुमच्या पगारावरचा दर चढतो.

तपासा: या रिटर्नवरची कराची ओळ, म्हणजे प्रत्यक्ष देय कर, बाजूला लिहून ठेवा. पुढच्या पायरीत तोच आकडा लागणार आहे.

पायरी ७: घरच्या राज्याचं रिटर्न आणि क्रेडिट

घरचं राज्य तुमच्या सगळ्या उत्पन्नावर कर काढतं, मग ते कुठेही कमावलेलं असो, आणि परराज्यात भरलेल्या कराचं क्रेडिट देतं. न्यू जर्सीत यासाठी शेड्यूल एनजे-सीओजे, पेनसिल्व्हेनियात शेड्यूल जी-एल, कॅलिफोर्नियात शेड्यूल एस. क्रेडिट मागितल्याशिवाय मिळत नाही. शेड्यूल जोडलं नाही तर राज्य आपणहून काही वजा करत नाही.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक इथली. क्रेडिटच्या रकान्यात लोक डब्ल्यू-२ च्या बॉक्स १७ मधला आकडा टाकतात. तो कापलेला कर आहे, देय कर नव्हे. समजा न्यूयॉर्कने ८,००० डॉलर कापले, पण आयटी-२०३ प्रमाणे कर ६,८०० निघाला आणि १,२०० परत आले. क्रेडिटसाठी आकडा ६,८००. ८,००० लिहिलात तर परत मिळालेल्या पैशावरही क्रेडिट मागितल्यासारखं झालं, आणि पत्र ठरलेलं.

दुसरी मर्यादा अशी की घरचं राज्य त्याच उत्पन्नावर स्वतः जेवढा कर लावलं असतं तेवढंच क्रेडिट देतं. कल्पित आकड्यांनी पाहू. न्यू जर्सीत एकूण उत्पन्न १,३०,००० डॉलर, त्यातला पगार १,२५,००० दोन्ही राज्यांत करपात्र, बाकी ५,००० बँकेचं व्याज. न्यू जर्सीचा कर ६,००० निघाला. ६,००० ला १,२५,००० ने गुणून १,३०,००० ने भागलं की ५,७६९ येतात. न्यूयॉर्कला भरलेले ६,८०० आणि ही मर्यादा ५,७६९, यांतला लहान आकडा घ्यायचा. म्हणजे न्यू जर्सीत २३१ डॉलर द्यायचे. न्यूयॉर्कला जास्तीचे गेलेले १,०३१ डॉलर न्यू जर्सी परत करत नाही आणि पुढच्या वर्षी नेताही येत नाहीत. दुहेरी कर टळला याचा अर्थ दोन्हींतल्या महाग राज्याच्या दराने तुम्ही भरला, एवढाच.

बहुतेक सॉफ्टवेअर दोन्ही राज्यं एकत्र करतात, पण परराज्य आधी पूर्ण केलं नाही तर क्रेडिट शून्य किंवा चुकीचं येतं. क्रम तिथेही तोच.

क्रम उलटा होणारी एक जागा आहे: ओरेगन, ॲरिझोना किंवा व्हर्जिनियाचा रहिवासी कॅलिफोर्नियात काम करत असेल तर क्रेडिट घरच्या राज्यात नाही, कॅलिफोर्नियाच्या ५४०एनआर मध्ये घ्यायचं असतं. तिथे आधी घरचं रिटर्न करा.

तारखा: बहुतेक राज्यांची १५ एप्रिल, व्हर्जिनियाची १ मे. एक्स्टेंशनने रिटर्न भरायची मुदत वाढते, पैसे भरायची वाढत नाही.

पायरी ८: वर्षाच्या मध्यात घर बदललं असेल, किंवा आरएसयू (कंपनीकडून टप्प्याटप्प्याने मिळणारे शेअर) असतील

घर बदललं असेल तर दोन्ही राज्यांत पार्ट-इयर रेसिडेंट (वर्षाच्या काही भागापुरते रहिवासी) म्हणून रिटर्न भरायचं. हलण्याची तारीख दोन्हीकडे एकच असू द्या. ऐकायला बाळबोध वाटतं, पण एका राज्यात ३० जून आणि दुसऱ्यात १५ ऑगस्ट लिहिलेली रिटर्न्स भरली जातात आणि मधल्या सहा आठवड्यांचा पगार दोघंही मागतात किंवा कोणीच नाही. न्यूयॉर्क सिटीतून बाहेर पडला असाल तर शहराच्या करासाठी आयटी-३६०.१ वेगळा.

आरएसयूबाबत कॅलिफोर्नियाच्या बे एरियातून ऑस्टिन किंवा सिएटलला गेलेल्यांची समजूत अशी असते की शेअर टेक्सासमध्ये व्हेस्ट झाले (प्रत्यक्ष मालकीचे झाले), म्हणून कॅलिफोर्नियाचा संबंध संपला. कॅलिफोर्निया ग्रँटच्या तारखेपासून व्हेस्टपर्यंतचे कामाचे दिवस मोजतं आणि त्यातले जेवढे कॅलिफोर्नियात झाले तेवढ्या वाट्यावर कर घेतं. ग्रँट ते व्हेस्ट १,००० कामाचे दिवस, त्यातले ६०० सॅन होजेला, तर त्या व्हेस्टचा ६० टक्के भाग कॅलिफोर्नियाचा. चार वर्षांचं व्हेस्टिंग असेल तर राज्य सोडल्यावरही काही वर्षं ५४०एनआर भरावा लागतो. प्रत्येक ग्रँटचं गणित वेगळं मांडा; सगळ्यांची सरासरी काढू नका. बोनसचंही असंच: तो कधी हातात आला यापेक्षा कुठल्या काळातल्या, कुठे केलेल्या कामाचा आहे हे पाहतात.

पुण्याहून दोन महिने काम केलं तर?

दिवाळीला घरी जायचं, तीन आठवडे रजा आणि पाच आठवडे तिथूनच लॉग-इन, हा आता नेहमीचा बेत आहे. यामुळे राज्याचा रहिवास सुटत नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाचा रेसिडेंट जगात कुठेही कमावलं तरी तिथे करपात्र आहे. न्यूयॉर्कचं ऑफिस असलेल्याला पुण्याचे दिवस स्वतःच्या सोयीचेच धरले जातील.

भारताच्या बाजूने, भारतात बसून केलेल्या कामाचा पगार तिथे करपात्र ठरू शकतो. भारत-अमेरिका करकराराच्या कलम १६ मध्ये १८३ दिवसांच्या आतल्या मुक्कामाला अटींसह सूट आहे: पगार देणारी कंपनी भारतातली नसावी आणि तो खर्च तिच्या भारतातल्या आस्थापनेवर पडलेला नसावा. पण हा करार फेडरल कराशी बांधलेला आहे. भारतात कर भरावा लागलाच तर न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्निया त्याचं क्रेडिट देत नाहीत. त्यामुळे मुक्काम लांबवण्याआधी दिवस मोजा, आणि कंपनीची लेखी परवानगी घ्या.

मागच्या वर्षांत चुकलं असेल तर

रिटर्न भरलं होतं पण क्रेडिट राहिलं किंवा चुकलं, तर सुधारित रिटर्न भरा. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत रिफंड मागायची मुदत साधारण रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं, कॅलिफोर्नियात चार. एका राज्याचं दुरुस्त केलंत की दुसऱ्याचंही करा, कारण आकडे एकमेकांना बांधलेले आहेत.

परराज्याचं रिटर्न कधी भरलंच नसेल तर मुदतीचं घड्याळ सुरूच झालेलं नसतं. राज्य दहा वर्षांमागचंही विचारू शकतं. पत्र येण्याआधी आपणहून गेलात तर न्यूयॉर्कसारख्या राज्यांत व्हॉलंटरी डिस्क्लोजरची सोय आहे, त्यात दंड माफ होतो, कर आणि व्याज द्यावं लागतं. पत्र आल्यावर ती वाट बंद. एकाहून जास्त वर्षांचं असेल तर इथे मात्र दोन्ही राज्यांची कामं करणारा सीपीए (परवानाधारक अकाउंटंट) गाठा. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारून भागवू नका.

ऑडिटचं पत्र आलंच तर ते बहुधा तीन गोष्टी मागतं: दिवसांचं कॅलेंडर, कामाच्या ठिकाणाबद्दल कंपनीचं पत्र आणि घरच्या राज्याचं रिटर्न. उत्तराची तारीख पत्रावर असते. मुदत हवी असेल तर ती उलटण्याआधी मागा. न्यूयॉर्कने तुमचा कर वाढवला तर तो भरल्यावर त्याच वर्षाचा एनजे-१०४०-एक्स भरून वाढीव क्रेडिट मागायचं असतं. न्यूयॉर्कचं अंतिम पत्र आणि पैसे भरल्याची पावती त्याला जोडा.